तोंड आलेलं नाही, तरी पोळतंय

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला लोक डॉक्टरच्या आधी जीभ दाखवतात. संध्याकाळी आठची गर्दी, समोर तिघं चिठ्ठ्या घेऊन उभे, आणि त्यांच्या मधून एक काकू पुढे येऊन जीभ बाहेर काढतात. "बघ रे, काही दिसतंय का?"

काहीच दिसत नाही. जीभ गुलाबी, ओलसर. फोड नाही, पांढरा थर नाही, चीर नाही. पण काकूंचं म्हणणं असं की कढत चहाने पोळल्यावर शेंडा जसा चरचरतो, तसा तो गेले चार महिने चरचरतोय. चहा तर त्यांनी कधीच सोडला.

इंदूरला सुदामानगरात माझं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. या काकूंना पहिल्या खेपेला मी तोंड आल्यावर लावायचं जेल दिलं आणि बी-कॉम्प्लेक्सची एक पट्टी. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या कंपनीचं जेल. तिसऱ्या खेपेला माझी मलाच लाज वाटली आणि मी वाचायला बसलो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण लोकांच्या औषधाच्या पिशवीत काय काय असतं ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त दिसतं, आणि या दुखण्याच्या बाबतीत ते फार कामाचं ठरतं.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'तोंड आलं' म्हणजे फोड आले. 'जळजळ' म्हटलं की समोरचा छातीकडे बघून 'अ‍ॅसिडिटी का?' विचारतो. 'उष्णता झाली' हे सगळ्यात सोयीचं, कारण त्यावरचे गुलकंद, सब्जा, तुपाचं बोट असे सगळे उपाय घरातच असतात. फोड नसताना तोंड पोळतं याला आपल्याकडे वेगळं नावच नाही, आणि नाव नसलं की घरचे पंधरा दिवसांनी ऐकायचं बंद करतात. काकूंच्या सुनेने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "आईंना खरंच काही होतंय, की...?" वाक्य तिने पुरं केलं नाही.

खरंच होतंय. वैद्यकात याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. तोंडात पोळल्यासारखं रोज होतं, दिवसातून दोन तासांहून जास्त वेळ राहतं, तीन महिन्यांहून जास्त काळ चालतं, आणि तपासून पाहिल्यावर त्याचं कारण ठरेल असं काही सापडत नाही, तेव्हा हे नाव देतात. जिभेचा शेंडा आणि कडा, टाळूचा पुढचा भाग, खालच्या ओठाची आतली बाजू या त्याच्या ठरलेल्या जागा, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखं. सोबत तोंडाला कडवट किंवा तांब्याचं भांडं चाटल्यासारखी चव येते. लाळ सुटत असूनही तोंड कोरडं वाटतं. पुरुषांना होत नाही असं नाही, पण पाळी जाण्याच्या सुमारास आणि त्यानंतरच्या वयातल्या बायकांत हे कितीतरी जास्त दिसतं.

आता मी जीभ बघण्याआधी एक प्रश्न विचारतो. जेवताना वाढतं की कमी होतं?

फोड, चिरा, बुरशी, सालटं निघालेली जीभ अशा दिसणाऱ्या आजारांत खाताना ठणकतं. बर्निंग माउथमध्ये अनेकांना उलट अनुभव येतो. जेवण चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि हात धुवून बसलं की पुन्हा सुरू. दिवसाचाही एक क्रम असतो. सकाळी उठताना जवळजवळ काही नाही, दुपारनंतर चढत जातं, रात्री सगळ्यात जास्त. आपल्या गावात तर हा क्रम दुष्टच म्हणायचा. सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन सराफा बाजारात खाण्याच्या दुकानांचे तवे पेटतात, तेव्हाच काकूंची जीभ पेटलेली असते. एवढं असून झोप लागली की मात्र ते सहसा उठवत नाही. हे ज्याला माहीत नाही तो म्हणणारच, "झोप तर छान लागते की तुम्हाला!" आणि तिथे काकूंची केस हरते.

हे होतं कसं, ते मिरचीपासून सुरू केलं तर पटकन कळतं. मिरची जिभेला भाजत नाही, भाजल्याची खोटी खबर पाठवते. नसांच्या टोकांवर एक प्रथिन असतं. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला 'चटका बसला' असं कळवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच कडीला हात घालतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे प्रथिन १९९७ मध्ये ओळखलं आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांना या कामासाठी वाटा मिळाला. बर्निंग माउथमध्ये मिरची नसते, कढत चहा नसतो, तरी ती खबर जातच राहते. बिघाड जिभेच्या कातडीत नसून तारेत आहे. रुग्णांच्या जिभेचा कणभर तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर वरच्या थरातले बारीक मज्जातंतू विरळ झालेले आढळले आहेत. आरशात ते दिसणार नाहीत, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तर नाहीच नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव एक नस नेते, दुखणं दुसरी. चवीची नस फिरत फिरत चक्क कानाच्या पडद्यामागून मेंदूकडे जाते. निरोगी माणसात चवीची यंत्रणा दुखण्याच्या यंत्रणेला दाबून ठेवते असं मानतात. घरात आजोबा जागे असले की नातवंडं हळू आवाजात खेळतात, तसं. चवीची नस अशक्त झाली की आजोबा झोपले, मग दंगा सुरू. जेवताना बरं का वाटतं आणि तोंडाची चव का बिघडते, या दोन्हींचं उत्तर यात बसतं. आणि जीभ सुन्न करणारं जेल लावल्यावर काहींची आग कमी होण्याऐवजी वाढते, तेही. जेलने आजोबांनाच पुन्हा झोपवलं! मी काकूंना दोनदा तेच विकलं होतं.

पाळी गेल्यावर हार्मोन घटतात आणि नसांचं संरक्षण कमी होतं असा एक तर्क आहे. पटण्यासारखा आहे, पण म्हणून हार्मोनच्या गोळ्या हा यावरचा ठरलेला उपाय झालेला नाही.

मात्र तोंड पोळलं की लगेच 'नसांचं आहे' म्हणून मोकळं होऊ नये. हे नाव शेवटी द्यायचं असतं, बाकीचं सगळं तपासून झाल्यावर. त्या बाकीच्यात बऱ्याच गोष्टी बऱ्या होणाऱ्या असतात, म्हणून तिथे घाई नको.

सुरुवात औषधांच्या डब्यापासून करा. मी काकूंना तो घेऊन यायला सांगितलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात सात पट्ट्या. साखरेसाठी मेटफॉर्मिन, बारा वर्षांपासून. सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल, कुणी कधी सुरू केली तेही आठवत नाही. ही दोन्ही औषधं वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी-१२ कमी होऊ शकतं. वर काकू शुद्ध शाकाहारी, आणि दूध आवडत नाही. बी-१२ मिळतं ते मांस, मासे, अंडी, दूध-दही यांतून. पालेभाजी कितीही खाल्ली तरी त्यातून नाही. ते कमी पडलं की जीभ गुळगुळीत लाल होऊ शकते, आणि कधी डोळ्यांना काही न दिसताच पोळते. लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक यांच्या कमतरतेनेही तसंच. साखर अनियंत्रित असेल तर ती, आणि थायरॉइड मंदावलेलं असेल तर तेही या यादीत आहे.

डब्यात रक्तदाबाची रामिप्रिलही होती. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली ही औषधं, म्हणजे एनालाप्रिल, लिसिनोप्रिल वगैरे, कोरड्या खोकल्यासाठी बदनाम आहेतच. क्वचित तोंडाची आगही त्यांच्यामुळे होते. डॉक्टर ती बदलून बघू शकतात. आपल्या मनाने मात्र एक दिवसही बंद करायची नाही. जिभेपायी पक्षाघात ओढवून घेण्यात काही अर्थ नाही. याशिवाय तोंड कोरडं करणाऱ्या गोळ्यांची तर रांगच असते. सर्दीच्या, लघवी आवरण्याच्या, नैराश्याच्या काही. लाळ कमी झाली की जीभ दातांवर घासते आणि पोळते.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट कबूल करतो. जीभ पोळते म्हटलं की आम्ही दुकानदार बी-१२, बी-६, अल्फा लिपोइक अ‍ॅसिड एकत्र असलेली 'नसांची' कॅप्सूल काढून देतो. त्यात दोन घोटाळे आहेत. रक्त तपासायच्या आधी महिनाभर ती खाल्ली तर रिपोर्टात बी-१२ ठीक दिसतं आणि मूळ कमतरता झाकली जाते. दुसरं, बी-६ जास्त प्रमाणात खूप दिवस घेतलं तर ते स्वतःच नसांना इजा करतं. तेव्हा आधी तपासणी, मग कॅप्सूल. रक्तपेशी मोजणारी सीबीसी, लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी, थायरॉइडची टीएसएच, जमल्यास झिंक, एवढ्यात पुष्कळ उलगडतं.

बुरशीचंही तसंच. तोंडातली बुरशी म्हणजे दह्यासारखा पांढरा थर, असं डोक्यात असतं. पण थर नसलेला, नुसता लालसर प्रकारही असतो आणि तो चांगलाच पोळतो. रात्रीसुद्धा कवळी न काढणारे, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारे, नुकतेच अँटिबायोटिक संपवलेले आणि मधुमेही यांनी ही शंका घ्यावी. अशा तोंडाला फोडांवर लावतात ती स्टेरॉइडची पेस्ट चोळली तर बुरशीला खतपाणी घातल्यासारखं होतं. म्हणून ती पेस्ट मी हल्ली कुणी नुसती मागितली तर देत नाही. गिऱ्हाईक चिडतं, समोरच्या दुकानात जातं. जाऊ दे.

टूथपेस्टचा विचार तर कुणी करतच नाही. दालचिनी, पुदिना, लवंग हे 'ताजेपणा' देणारे पदार्थ काहींच्या तोंडाला सोसत नाहीत, फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेटही नाही. लाल दंतमंजन हिरड्यांवर खसाखसा चोळणाऱ्या पिढीला हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. तरी महिनाभर बिनफेसाची, बिनमसाल्याची साधी पेस्ट वापरून बघायला काय जातं? अल्कोहोल असलेला माउथवॉश तर पहिला बाहेर. जीभ दातांवर सतत फिरवत राहण्याची किंवा झोपेत दात खाण्याची सवयही आग धरून ठेवते.

आता जे सांगतोय ते काकूंसाठी नाही, त्यांच्या नातवासाठी आहे. विशी-तिशीतला मुलगा 'तिखट लागलं की तोंड फार पोळतं' म्हणत असेल, तर बर्निंग माउथ बाजूला ठेवा आणि खिशात सुपारीची पुडी आहे का बघा. सुपारीने तोंडाची आतली त्वचा हळूहळू ताठर होते, पांढरट पडते आणि एके दिवशी जबडा उघडेनासा होतो. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि तिखट न सोसणं ही त्याची अगदी सुरुवातीची खूण आहे. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधे जातात का बघावं. जात नसतील तर उशीर झालाय, त्याच आठवड्यात दाखवा. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी टपरीवर मिळतेच. आणि तंबाखू नसलेली 'मीठी सुपारी', जी आपल्याकडे जेवणानंतर पाहुण्यांपुढे वाटीत ठेवतात, तीही सुपारीच आहे.

आणखी काही गोष्टी दिसल्या तर लेख वाचत बसू नका. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, गाठ, एकाच बाजूला आलेली बधिरता, गिळताना त्रास, रक्त. दाखवायचं कुणाला, हाही प्रश्न पडतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर चालतात, पण दातांच्या डॉक्टरांत 'ओरल मेडिसिन' ही स्वतंत्र शाखा आहे आणि तोंडाची आग हा त्यांचाच विषय. इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हा विभाग आहे.

सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं, तरी पोळतंय. मग उपाय काय? सरळ सांगायचं तर हमखास असा नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये या आजारावरच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या आणि कुठल्याच उपायाच्या बाजूने ठाम म्हणावं इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. पण 'पुरावा कमी' म्हणजे 'उपाय नाही' नव्हे. त्यातल्या त्यात बरी वापरली जाते ती क्लोनाझेपामची गोळी, एरवी फिट आणि घबराटीवर देतात ती, आणि तीही वेगळ्याच रीतीने. ती गिळायची नाही. जिभेजवळ चघळत तीन मिनिटं तोंडात धरायची आणि थुंकून टाकायची. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत दिवसातून तीनदा, १४ दिवस असं केल्यावर अनेकांची आग उतरली होती. थोडं औषध तरीही अंगात जातंच, त्यामुळे झोप येते आणि सवय लागू शकते. म्हणून चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, आणि 'शेजारणीला लागू पडली, तिच्यातली दोन दे' हेही चालणार नाही.

अल्फा लिपोइक अ‍ॅसिडचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. चाचण्यांतला डोस बहुधा दिवसाला ६०० मिलीग्रॅम असतो, आपल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा १००. नॉरट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन ही नसांच्या दुखण्याची औषधंही देतात. काहींना ती मानवतात, काहींचं तोंड आणखी कोरडं पडतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनची गुळणी हाही एक उपाय अभ्यासलेला आहे, पण हे वाचून कुणी घरी लाल तिखटाचं पाणी करायला घेऊ नये, एवढीच विनंती.

मनावर काम करणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग दिसलाय. हे ऐकल्यावर काकू भडकल्या होत्या: "म्हणजे तू पण मला वेडी म्हणतोस?" तसं नाही. दुखणं तारेतच आहे, पण ते किती मोठ्याने ऐकू यावं हे मेंदू ठरवतो, आणि काळजीने आवाज वाढतो. या रुग्णांच्या मनात सगळ्यात मोठी काळजी असते ती कर्करोगाची. बहुतेक जण ती कुणाला बोलून दाखवत नाहीत, रोज आरशात जीभ बघत राहतात. बर्निंग माउथचा कर्करोग होत नाही. हे एकदा नीट तपासून डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं की काहींची आग तिथेच थोडी उतरते.

घरच्या घरी करायचं ते साधं आहे. पाण्याचे घोट, बर्फाचा खडा, बिनसाखरेचं च्युइंगगम. मधुमेह नसेल त्याने खडीसाखर तोंडात धरली तरी लाळ सुटते. पोह्यांवर जीरावन मसाला नको, लिंबू नको, लौंगवाली शेव तर नकोच. इथली शिकंजी चालते, कारण ती लिंबाचं सरबत नसून थंडगार आटवलेल्या दुधाची असते. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे दरवेळी समजवावं लागतं. ज्येष्ठमधाची कांडी चघळायला सांगणारे बरेच भेटतील. रक्तदाब असणाऱ्यांनी रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. तुरटीच्या गुळण्या कोरडं तोंड आणखी आखडवतात.

काकूंचं बी-१२ फारच खाली निघालं. इंजेक्शनं झाली, डॉक्टरांनी पँटोप्राझोल बंद केली, रामिप्रिल बदलली. दोन-अडीच महिन्यांत आग निम्म्यावर आली आणि तिथेच अडकली. मग दंत महाविद्यालयात जाऊन आल्या, काही आठवडे ती थुंकायची गोळी झाली. गेल्या डिसेंबरात सराफ्यात दिसल्या, हातात गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा दोना, सून सोबत. गराडूवाल्याला "भिया, जीरावन मत डालना" असं त्यांनी दोनदा बजावलं होतं म्हणे, तरी त्याने सवयीने चिमूटभर टाकलंच होतं, आणि त्या तेवढे तुकडे सुनेच्या दोन्यात काढून ठेवत होत्या. "नऊनंतर थोडं चरचरतं अजून," म्हणाल्या. मी जीभ दाखवायला सांगितली नाही, त्यांनीही दाखवली नाही.